नखवालीचा कान

भात पिवळं पडू लागलं की आमचा कारखाना एकदम मोठा वाटायला लागतो. गणपती गेलेले असतात. फळ्या रिकाम्या असतात. तीन महिने मूर्तींनी अडवून धरलेलं ऊन आता दारातून सरळ आत येतं आणि मागच्या भिंतीवरच्या रंगाच्या शिंतोड्यांपर्यंत पोचतं. मागचं दार उघडलं की पिकत्या भाताचा तो उबदार, गवताळ वास घरभर होतो. कर्जतच्या दहिवलीत आता इमारती वाढल्या, तरी आमच्या मागचं शेत अजून शेतच आहे.

यंदाही तो वास आला आणि मला ते कान आठवले. तीन कान, सगळ्यात मोठा कलिंगडाएवढा. लोकांना दिवाळीच्या तोंडावर फराळ आठवतो, मला वटवाघळांचे कान आठवतात. त्याला माझा इलाज नाही.

त्या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली असतील. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून कारखान्यातच वाढले म्हटलं तरी चालेल. माझे यजमान खोपोलीच्या एका कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळे कारखाना म्हणजे सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. साच्यात माती दाबणं, मूर्ती काढणं, घासणं, रंगवणं हे माझं काम. साचा नसताना नुसत्या हातांनी मूर्ती उभी करणं, ते मात्र आबांचं. त्यात मी कधी बोट घातलं नव्हतं आणि घाल असं कोणी म्हटलंही नव्हतं.

त्या वर्षी आबांचा उजवा हात थरथरू लागला. शेवटच्या मूर्तींचे डोळे त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून आखले. मी रंग कालवत होते, मला दिसत होतं, पण मी बघितलंच नाही असं दाखवलं. अनंत चतुर्दशी झाल्यावर त्यांनी आपल्या कोरण्या पुसल्या, एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर ठेवून दिल्या.

"पुढल्या साली कुणाला साचं पायजे आसतील तर देऊन टाकू," ते म्हणाले.

मी पणत्या आणि किल्ल्यांवरचे मावळे करायला घेतले. तेवढं साच्याचं काम मला येत होतं.

अशाच एका दुपारी खोपोलीच्या शिळफाट्याहून स्कूटरवर एक मुलगी आली. अंगाने बारीक, पाठीवर भली मोठी सॅक. नाव विशाखा. वडील रेल्वेत, घाटातल्या कामावर होते, म्हणून लहानपणी ती ठाकुरवाडीला राहिलेली. तिथल्या बोगद्याच्या तोंडातून संध्याकाळी पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, धुरासारखी बाहेर पडायची. ती बघत बसायची आणि आईचा ओरडा खायची. आता ती पुण्यात त्याच पाकोळ्यांच्या कानांचा अभ्यास करत होती.

"कानाचा?" आबांनी विचारलं. त्यांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"कानाचा, आबा. आतल्या. तांदळाच्या कणीएवढा असतो."

तिला कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाळांमध्ये फिरवायला मोठे कान करून हवे होते. मुलांना हातात घेता येतील असे. पाकोळी अंधारात कशी उडते हे पुस्तकात दोन ओळींत असतं: तोंडाने आवाज काढते, तो आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक असतो, तो किड्यावर, फांदीवर आपटून परत येतो आणि त्यावरून तिला समोरचं कळतं. "पण ही युक्ती तिला सुचली कधी," विशाखा म्हणाली, "ते सांगायला आवाज काही दगडात उरत नाही. उरतं ते हाड. म्हणून कान."

तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतल्या एका पुरातन तळ्याच्या गाळाचा दगड झाला, त्यात सापडलेलं वटवाघूळ. सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचं. पंख पसरलेले, बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि सगळं मिळून पापडासारखं चपटं.

आबांनी चष्मा लावला आणि फोटो मोठा करून बघितला. "पाची बोटांना नख्या हायत."

विशाखा थबकली. "हो. आताच्या कुणालाच पाचही बोटांना नसतात. मोठ्या शास्त्रज्ञांनी पण तेच पहिल्यांदा पाहिलं. तिचं नावच नखांवरून ठेवलंय." मग तिने ते नाव सांगितलं, ओनिकोनिक्टेरिस. आबांनी एकदा म्हणून पाहिलं, अर्ध्यात सोडून दिलं आणि म्हणाले, "नखवाली."

त्या दिवसापासून ती आमच्या घरात नखवालीच झाली.

आबांनी काम घेतलं, पण हात पुढे करून दाखवला. "बाय, ह्या हातानं आता बारीक काम होत नाय. मी सांगन, ही करंल." ही म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

तीन कान ठरले. पहिला मोठ्या वटवाघळाचा. वडा-पिंपळावर उलटी लटकणारी, फळं खाणारी ती वटवाघळं डोळ्यांनी बघून उडतात, त्यांना आवाजाची गरज पडत नाही. दुसरा आताच्या पाकोळीचा. तिसरा नखवालीचा. तिघींची डोकी एका मापाची धरायची, म्हणजे कान कोणाचा केवढा ते कळतं. आधी शाडूत घडवायचं, त्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून कागदाच्या लगद्याचा हलका कान काढायचा.

आतला कान म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली पोकळ नळी. मी पहिला वेढा घातला तो घसरला. दुसरा घातला तो जिलबीसारखा झाला. आबा खुर्चीत बसून म्हणत होते, "दाबू नको गं, फिरव. माती सोता वळती, तिला वळू दे." चार दिवसांनी मोठ्या वटवाघळाचा कान उभा राहिला. शेजारच्या मंदाकाकू पणत्या न्यायला आल्या, त्यांनी फळीवर तो बघितला आणि चप्पल काढून हात जोडले. त्यांना तो शंख वाटला. मी सांगायला तोंड उघडलं तर आबांनी मला खुणेने गप्प केलं. काकू गेल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. गणपतीनंतर ते पहिल्यांदा हसले होते.

पाकोळीचा कान त्याच्या दुप्पट निघाला. एवढ्याशा डोक्यात एवढा कान, जागा तरी कुठे उरते बाकीच्याला, असं मला वाटलं. तो वाळत असताना ऑक्टोबरच्या उन्हाने त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ओलं फडकं टाकायला मी विसरले होते. मला रडू आलं. आबा उठून आले, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरं झालं. ह्यो वेढा आत जास्त आला व्हता. आता नीट कर." खरंच आत आला होता. ते त्यांनी आधी का सांगितलं नाही हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा केला तो एका दिवसात झाला.

एकदा विशाखा एक छोटं यंत्र घेऊन आली. पाकोळीचा न ऐकू येणारा आवाज ते आपल्याला ऐकू येईल असा करून देतं. दिवस मावळत होता. मागच्या शेतात अर्धं भात कापून झालं होतं, पेंढ्या पसरलेल्या होत्या, आणि भातातून उठलेल्या किड्यांवर पाकोळ्या आल्या होत्या. मी रोज त्यांना बघत असे, चिंधीसारख्या वाकड्यातिकड्या उडणाऱ्या. त्या बोलतात हे मला माहीत नव्हतं. विशाखाने यंत्र सुरू केलं आणि त्यातून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, सावकाश, जणू कोणी दार वाजवतंय. एक पाकोळी खाली वळली तसे ते ठोके जवळ जवळ आले, आणखी जवळ आले आणि शेवटी नुसती टर्रर अशी एकच ओढ. मग शांत.

"खाल्ला," विशाखा म्हणाली.

आबांना अलीकडे ऐकायला कमी येत होतं. त्यांनी यंत्र कानाला लावलं. बराच वेळ उभे राहिले. "शिवनाची मशीन चालवतात जशा," ते म्हणाले. "आन् आमी म्हणायचो, सांज कशी शांत हाय."

यजमान शिफ्टवरून आले तेव्हा आम्ही तिघं बांधावर उभे, आबांच्या कानाला यंत्र आणि चुलीवर काहीच नाही. त्या दिवशी आम्ही नाक्यावरून वडापाव मागवले.

नखवालीकडे आम्ही शेवटी आलो. तिच्याबद्दल विशाखा बोलायला लागली की पणत्या रंगवणारा माझा हात थांबायचा. वटवाघूळ आधी उडायला शिकलं, की आधी आवाजाने बघायला शिकलं, की दोन्ही एकदमच, यावर शास्त्रज्ञांचा जुना वाद होता. नखवालीचे पंख पुरते झालेले होते. ती उडत होती यात शंका नाही. पाय लांब, नख्या सगळ्या बोटांना, म्हणजे झाडावरही सरसर चढत असणार. पण कान लहान. मोठ्या वटवाघळाच्या कानाच्या जवळपासचा. म्हणून बऱ्याच जणांनी म्हटलं, उडणं आधी, आवाज नंतर.

मला हे फार आवडलं होतं. अंधारात काय आहे ते नीट कळायच्या आधीच कोणी तरी फांदी सोडली. सगळं कळल्यावर उडू असं म्हणत ती बसली असती तर आजही झाडावर चढत असती. विशाखाला मी हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "वहिनी, हे छान आहे, पण जरा थांबा. पुढे घोळ आहे."

घोळ एका काडीचा होता. घशापासून कानाकडे जाणारं एक काडीसारखं हाड असतं. आताच्या पाकोळीत त्याचं टोक पळीसारखं पसरट असतं किंवा कानाच्या पडद्याभोवतीच्या हाडाच्या कडीला जुळलेलं असतं. मोठ्या वटवाघळात तसं नसतं. नखवालीची काडी पुन्हा तपासल्यावर काही जण म्हणाले, ती कडीला टेकलेली आहे, म्हणजे कान लहान असला तरी ती आवाज काढत असेल. दुसरे म्हणाले, अहो, ते सगळं चेपलेलं आहे, मेल्यावर दगडाने दाबून दोन हाडं एकावर एक आली, त्याला टेकणं कसं म्हणता?

"मग आमी काय करायचं?" आबांनी विचारलं.

"तेवढी जागा मोकळी सोडा," विशाखा म्हणाली आणि पुण्याला गेली.

मी कान केला. कडी केली. काडी केली आणि कडीच्या अलीकडे बोटभर जागा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती जागा भरलेली. काडी कडीला व्यवस्थित जोडलेली, सांधा इतका सफाईदार की तो थरथरत्या हाताने केलाय हे कोणाला खरं वाटलं नसतं. त्यांना त्याला किती वेळ लागला असेल, देव जाणे. मी त्यावर ओलं फडकं टाकलं.

चार दिवसांनी विशाखा आली. तिने नखवालीचा कान हातात घेतला, फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, हे जोडलंत तुम्ही."

"अपुरं काम मी कदी घराभाईर दिल्याला नाय."

"पण ते जोडलेलं होतं की नाही हे कोणालाच माहीत नाही."

"तुमाला ठाव नाय म्हून माझं काम अर्धं ठेवू? उद्या लोकं म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला, म्हून तुटकं दिलं."

विशाखाने कान फळीवर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "आबा, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हे खरं आहे असं मला मुलांना सांगता येणार नाही."

आबा उठून घरात गेले. विशाखाने सॅक पाठीला लावली आणि मी चहा ठेवेपर्यंत स्कूटर सुरू करून निघूनही गेली. पुढचे दोन दिवस आबा कारखान्यात आले नाहीत. पहिल्या शाळेत कान न्यायचा दिवस जवळ येत होता. तो सांधा फळीवरून माझ्याकडे बघत होता. तोडावा तर आबांच्या हाताचं ते कदाचित शेवटचं बारीक काम, आणि ठेवावा तर विशाखा मुलांपुढे उभी राहू शकणार नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि ती फार वाईट अवस्था असते.

तिसऱ्या दिवशी मी माळ्यावर पेट्या शोधायला चढले आणि तिथे जुने हातांचे साचे दिसले. मोठ्या मूर्तीचे हात आम्ही वेगळे करतो. त्यांना आत तारेची खुंटी ठेवतो आणि दंडातल्या भोकात बसवतो. मी खाली आले, ओल्या फडक्याखालची माती अजून नरम होती. आबांचा सांधा मी पात्याने अखंड कापून घेतला, न मोडता. काडी मूळ जागेवरून पूर्ण सुटी केली. तिला खालून खुंटी लावली आणि कानाच्या मुळाशी डोक्याचा जो भाग केला होता त्यात दोन भोकं पाडली. एका भोकात बसवली की काडी कडीला टेकते, आबांच्या सांध्यासकट. दुसऱ्यात बसवली की बोटभर दूर राहते.

मी आबांना बोलावलं नाही. तेच आले. दारात उभे राहिले, मग जवळ आले. काडी उपसली, एका भोकात बसवली. उपसली, दुसऱ्यात बसवली. असं चार-पाच वेळा केलं.

"खुंटी जरा जाड घे," ते म्हणाले. "पोरं दाणदाण काढतील-घालतील. वाकंल."

एवढंच. मग स्वतः स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला आणि आपल्या कोरण्यांचं फडकं खाली काढून माझ्यासमोर ठेवलं. "ही दोन नंबरची घे. भोक गोल हुईल."

विशाखाला मी फोन केला. ती त्याच संध्याकाळी आली, काडी काढून घालून बघितली आणि आबांच्या पाया पडली. आबा म्हणाले, "माज्या काय पाया पडती? तिनं केलंय." मग विशाखा माझ्या पाया पडायला लागली आणि आमची झटापट झाली, तेवढ्यात तिच्या कोपराने मावळ्यांची एक अख्खी फळी खाली आली. त्या वर्षी दहिवलीतल्या बऱ्याच किल्ल्यांवर हात नसलेले मावळे होते.

सहामाही परीक्षा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी, पहिल्या शाळेत आम्ही गेलो. वर्गात तीन बाकं जोडून तीन कान मांडले. मुलांनी पहिल्या दोघांना हात लावला आणि नखवालीपाशी गर्दी केली, कारण तिच्यात काही तरी काढता-घालता येत होतं. पाच मिनिटांत वर्गाचे दोन तट पडले, टेकलेलीवाले आणि न टेकलेलीवाले. एका मुलीने विचारलं, "पण बरोबर कुठलं?"

"अजून ठरलेलं नाही," विशाखा म्हणाली. "तुला काय वाटतं?"

मुलीने तिच्याकडे अविश्वासाने बघितलं. परीक्षेत असं उत्तर तिला कोणी दिलं नव्हतं. मग तिने काडी हातात घेतली, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "हाड चेपलंय ना. मग मला अजून एक पायजे. न चेपलेलं."

विशाखाने माझ्याकडे बघितलं. पुढे ती मला म्हणाली की तिच्या परिषदांमध्येसुद्धा चर्चा शेवटी याच वाक्यावर येऊन थांबते.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण नीटनेटक्या होत्या. त्या आबांना म्हणाल्या, "आजोबा, ही काडी मुलं हरवतील. एका जागी चिकटवून टाकू या का? फेविकॉल आहे ऑफिसात."

मी आबांकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता.

"हारवली तर दुसरी करून देव," ते म्हणाले. "शंभर देव. पन चिकटवू नका, बाई. ते अजून ठरायचं हाय."

घरी येताना टेंपोत आबा नखवालीचा कान मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत भाताच्या झोडणीची धूळ उडत होती, उन्हात सोनेरी दिसत होती, आणि मला उगाचच सगळ्या जगाबद्दल बरं वाटत होतं.

ते कान अजून फिरतात. काड्या मी आतापर्यंत किती केल्या ते आठवत नाही. साचे आम्ही कोणाला दिले नाहीत. पुढच्या वर्षीपासून डोळे मी आखायला लागले. पहिल्या वर्षी एका गणपतीचा डावा डोळा जरा हसरा झाला, तोच लोकांनी सगळ्यात आधी नेला. आता नवी मूर्ती उभी करायची असली की आबा खुर्ची ओढून बसतात आणि मी फिरवते, दाबत नाही.

या महिन्यात विशाखाचा फोन आला. फ्रान्समधल्या एका गुहेच्या चुनखडीत फार जुन्या वटवाघळाची कवटी मिळाली आहे. नखवालीपेक्षा थोडी अलीकडची, पण चेपलेली नाही, फळासारखी गोल. तिचा कान मोजता आला, आणि तो आताच्या पाकोळ्यांसारखा निघाला. म्हणजे पाच कोटी वर्षांपूर्वी कोणी तरी नक्की अंधाराला आवाज देत होतं.

"मग नखवालीचं मिटलं का?" मी विचारलं.

"नाही, वहिनी. तिचं तसंच आहे. पण चौथा कान कराल का?"

मी काल तो सुरू केला. मागचं दार उघडं होतं, भाताचा वास येत होता. आबा ऐंशीच्या पुढे गेलेत, दिसायला कमी झालंय, पण माती ओली आहे की सुकली हे त्यांना वासावरून कळतं. तेवढ्यात भिसेगावच्या एका मंडळाचा माणूस पुढच्या वर्षीची मूर्ती सांगायला आला. नवा होता, कोणाला ओळखत नव्हता. दारातूनच त्याने आबांना विचारलं, "मूर्तिकार आपणच का?"

आबा मला आजवर अगं-तुगंच करत आलेत. परक्यासमोर मी 'ही' किंवा 'सून'. त्यांनी खुर्चीतून हात उचलला, थरथरत माझ्या दिशेने केला.

"मूर्तिकार त्या काय, तिथं बसल्यात," ते म्हणाले. "हात मातीत हायत त्यांचं. जरा थांबा."

मी मान वर केली नाही. करून चालणारच नव्हतं. शेवटचा वेढा वळत होता.